बँडकॅम्प लगेच बंद करू नका

नवं दुकान वूकॉमर्सवर (स्वतःच्या वर्डप्रेस साइटवर दुकान चालवायचं प्लगइन) उभं करून बँडकॅम्प (कलाकार आणि लेबलं जिथं थेट श्रोत्यांना संगीत विकतात ती साइट) बंद करायचं, असं तुम्ही म्हणताय. घाई नको. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प १५ टक्के घेतं (वर्षाची विक्री ५००० डॉलरच्या वर गेली की १०), पण श्रोते तिथंच फिरत असतात. मात्र २०२२ मध्ये एपिक या गेम कंपनीनं ते विकत घेतलं आणि २०२३ मध्ये साँगट्रेडर या संगीत-परवाना कंपनीला विकलं, त्यामुळे सगळी भिस्त तिथेही नको.

मित्राच्या छोट्या लेबलचं दुकान मी नव्यानं लावलं, तेव्हा फजिती झाली ती वजनात. एलपी (विनाइलची मोठी तबकडी) '१८० ग्रॅम' म्हणून दुकानात पार्सलचं वजन मीही तेवढंच भरलं! ते नुसत्या तबकडीचं वजन. कव्हर, पुठ्ठा, खोकं धरून काट्यावर ५४० ग्रॅम भरलं, म्हणजे कुरिअरचा अर्ध्या किलोचा दर गेलाच. पहिल्या वीसेक पार्सलांचा फरक मित्राच्या खिशातून. आधी एक पार्सल खरोखर बांधून तोला.

आणि तुमचं जुनं दुकान स्वतःच्या डोमेनवर असेल, तर तिथल्या प्रत्येक अल्बमच्या पत्त्यावरून नव्या पानावर ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पानावर जातो. जुन्या परीक्षणांतल्या लिंका त्याच पत्त्यांवर येतात. सगळं मुख्यपानावर ढकललं, तर आलेला माणूस शोधत बसत नाही, निघून जातो.

एकच शेवटची प्रत बँडकॅम्प आणि नवं दुकान अशी दोन्हीकडे विकली जाऊ नये म्हणून चार-पाच प्रती बाजूला ठेवा. बाकी थीम कुठलीही चालेल.