मदत हवी आहे: साईट पळवली तर भाव शिळा दाखवते, भाव ताजा ठेवला तर साईट उघडेना

आडतीवरचा

राम राम मंडळी. लातूरला आमचं आडतीचं दुकान आहे. वडील यार्डात बसतात, मी हिशेब आणि कॉम्प्युटरचं बघतो. तीन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका पोराकडून वर्डप्रेसवर साईट करून घेतली. सौदा निघाला की सोयाबीन, तूर, हरभऱ्याची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव मी त्यावर टाकतो. बघणारे सगळे शेतकरी, सगळे मोबाईलवरून, अन् त्यातले निम्मे बांधावरून. तिथं टॉवरची एकच दांडी.

दुकानातल्या वायफायवर साईट दोन सेकंदांत उघडते, म्हणून माझा समज की सगळं झकास आहे. परवा औशाकडं मावशीच्या शेतात उभं राहून उघडली तर पांढराफटक पडदा. घड्याळ लावून बघितलं, भावाचा तक्ता दिसायला १४ सेकंद. तक्त्यावर बोट ठेवायला गेलो तेवढ्यात वरून दुकानाचा फोटो आला, तक्ता खाली सरकला, बोट पडलं फोनच्या बटणावर. थेट दुकानाला फोन. वडिलांनी उचलला. म्हणले, "बोल ना, काय पाहिजे?"

पेजस्पीड इनसाइट्सवर, म्हणजे गूगलच्या साईटचा वेग मोजायच्या साधनावर, तपासलं. मोबाईलचा स्कोर २३, डेस्कटॉपचा ७१. एलसीपी ११.४ सेकंद, सीएलएस ०.३८. पानाचं एकूण वजन ९.६ एमबी.

मग यूट्यूब बघून कॅशेचे, म्हणजे पानाची तयार नक्कल साठवणारे, दोन प्लगइन टाकले आणि कुठून तरी मिळालेला कोड एचटीअॅक्सेस या सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाईलमध्ये चिकटवला. स्कोर ४८ झाला. लै खूश होतो. चार दिवसांनी एक शेतकरी २० क्विंटल सोयाबीन पिकअपमध्ये घालून आले. सौदा ४,२४० ला निघाला. ते म्हणले, तुमच्याच साईटवर ४,३१० आहे की! मोबाईल दाखवला तर खरंच ४,३१०. तो भाव तीन दिवसांपूर्वीचा. माझ्या मोबाईलवर मात्र ताजा दिसत होता. शेवटी फरकाचे १,४०० रुपये वडिलांनी गल्ल्यातून काढून दिले आणि मला संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दोन्ही प्लगइन बंद केलेत. साईट परत गोगलगाय. लवकर उघडावी आणि भाव ताजाच दिसावा, हे दोन्ही जमतं का? कोडिंग येत नाही, पण सांगितलेलं नीट करतो. महिन्याला ३०० रुपयांच्या पुढं खर्च नको.

मोंढ्यातला

साईट कशाला पाहिजे भाऊ? आम्ही परभणीत व्हॉट्सअॅपवरच भाव टाकतो. फुकट काम.

आडतीवरचा

ग्रुप आहेतच दादा. एका ग्रुपात १,०२४ च्या वर माणसं बसत नाहीत, आमचे दोन भरले. त्यात सकाळी शंभर सुप्रभात अन् गुलाबाची फुलं. भाव शोधायला वर सरकवत बसावं लागतं. मागच्या महिन्याचा भाव कुणाला बघायचा असला तर विषयच संपला.

तेरणाकाठ

स्कोरच्या मागं लागू नका. तो आकडा प्रयोगशाळेतला आहे. हळू ४जी आणि साधा फोन धरून ते यंत्र एकदा पान उघडतं अन् मार्क देतं. तुमच्या मावशीच्या शेतातले १४ सेकंद हे खरं मोजमाप. चांगल्याची हद्द अशी: एलसीपी, म्हणजे पडद्यावरची सगळ्यात मोठी गोष्ट दिसायला लागणारा वेळ, २.५ सेकंदांच्या आत. सीएलएस, म्हणजे तुमचा तो सरकणारा तक्ता, ०.१ च्या आत. तिसरी आयएनपी, बोट लावल्यावर पान किती लवकर हलतं ते, २०० मिलिसेकंदांच्या आत. २०२४ च्या मार्चपासून एफआयडी या जुन्या मापाच्या जागी ही आली. तुमच्या पानात दाबण्यासारखं फार नाही, तिची काळजी सोडा.

आधी तीन गोष्टी सांगा. कॉम्प्युटरवर क्रोम उघडा, एफ१२ दाबा, नेटवर्कमध्ये जा, कॅशे बंदच्या चौकोनात खूण करा आणि पान परत उघडा.
पहिल्या ओळीवर सर्व्हरची वाट बघण्यात किती वेळ गेला? सगळ्यात जड पाच फायली कुठल्या? आणि सर्व्हर कुठल्या देशात आहे?

आडतीवरचा

पहिल्या ओळीत २.१ सेकंद नुसती वाट बघण्यात गेले. होस्टिंगवाल्यांना विचारलं, सर्व्हर अमेरिकेत आहे म्हणले. वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं ती पीएचपी ७.४. जड फायलींत वरच्या स्लायडरचे तीन फोटो, दोन ३.४ एमबीचे अन् एक १.१ चा. माझ्याच मोबाईलनं काढलेत. मग फाँटच्या पाच फायली मिळून ६०० केबी. नंतर नकाशा, चॅटचं डबडं, आणि "आपण अमुकावे पाहुणे" सांगणारा काउंटर.

सिंदफणा

काउंटर! २००५ मध्ये आल्यासारखं वाटलं. काढून टाका.

आधी फोटोंचा हिशेब करू, आडतवाल्यांना वजनाची भाषा कळते. पेजस्पीडची मोबाईल चाचणी सेकंदाला १.६ मेगाबिटचा वेग धरते. एका बाईटात आठ बिट, म्हणजे ३.४ एमबीचा फोटो २७.२ मेगाबिटचा झाला. १.६ नं भागा, १७ सेकंद. एका फोटोला! अख्ख्या ९.६ एमबीला ४८ सेकंद. शेतकरी तोवर दुसऱ्या आडतीला फोन लावून मोकळा.

तुमचा मोबाईल ४,००० बाय ३,००० ठिपक्यांचा फोटो काढतो. बघणाऱ्याच्या स्वस्तातल्या मोबाईलचा पडदा ७२० ठिपके रुंद. बाकीचे ठिपके नुसतेच वाहून नेले, उतरवायला जागा नाही. फोटो १,२८० रुंदीचा करा, वेबपी या हलक्या फोटोंच्या प्रकारात जतन करा, दर्जा ७५ च्या आसपास. १०० केबीच्या आत बसेल. स्क्वूश नावाचं फुकटचं साधन ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही. वर्डप्रेस २०२१ पासून, म्हणजे ५.८ पासून, वेबपी सरळ घेतं.

पण त्याआधी एक विचारते. भाव बघायला आलेल्या माणसाला दुकानाचे तीन फोटो कशाला? स्लायडर पूर्ण काढा. तक्ता सगळ्यात वर घ्या. तक्ता म्हणजे अक्षरं, अक्षरांना वजन नसतं. एक फोटो ठेवायचाच तर खाली, आणि त्याला रुंदी-उंची लिहून द्या. म्हणजे फोटो येण्याआधीच ब्राउझर त्याची जागा राखून ठेवतो आणि बाकीचं सरकत नाही. तुमचा वडिलांना लागलेला फोन हा त्या दोन न लिहिलेल्या आकड्यांचा प्रताप.

खालच्या फोटोला लेझी लोडिंग, म्हणजे तिथवर सरकवल्यावरच फोटो मागवणं, चालेल. वर फोटो ठेवणार असाल तर त्याला मुळीच लावू नका. प्लगइन सरसकट सगळ्यांना लावून मोकळे होतात, मग जो फोटो आधी यायला हवा तोच रांगेत शेवटी उभा राहतो.

आता फाँट. देवनागरीच्या फाँटमध्ये जोडाक्षरांची वेगळी चित्रं असतात, म्हणून फाईल इंग्रजीपेक्षा जड. त्यात तुम्ही पाच वजनं मागवलीत. पातळ, साधा, मध्यम, ठळक, अतिठळक. तक्त्यात वापरलेत दोनच. माझं मत विचाराल तर एकही मागवू नका. अँड्रॉइडमध्ये नोटो सान्स देवनागरी आधीपासून असतो. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाईलमध्ये, फाँटच्या जागी नुसतं सान्स-सेरिफ लिहा, फोन स्वतःचा फाँट वापरेल. ६०० केबी वाचले, शिवाय फाँट येईपर्यंत अक्षरं गायब राहण्याचा प्रकारही संपला.

नकाशा काढून "दुकानाचा रस्ता" अशी साधी लिंक ठेवा. ज्याला यायचंय तो दाबेल. चॅटवर आजवर किती जण बोलले?

आडतीवरचा

दोन. त्यातला एक मीच, चालतंय का बघायला.

ताई, फोटो अन् फाँट आज रात्रीच करतो. पण माझी खरी भीती शिळ्या भावाची आहे. कॅशेला हात लावायचं धाडस होईना गेलंय.

तेरणाकाठ

कॅशेशिवाय २.१ सेकंद पुरेसे कमी होणार नाहीत, आणि तुमचा घोळ मला वाटतं कॅशेच्या प्लगइनचा नाहीच. तुम्हाला ताजा भाव दिसला, शेतकऱ्याला शिळा. तुम्ही मोबाईलवर साईटमध्ये लॉगिन केलेलं नसेल, तर सर्व्हरवरचा शिळेपणा दोघांनाही दिसला असता; लॉगिन केलेल्याला प्लगइन बहुतेक वेळा ताजं पान देतात.

पानाची नक्कल तीन ठिकाणी साठते. एक सर्व्हरवर, तिथं प्लगइन तयार पान ठेवतो म्हणजे दर वेळी पीएचपी आणि डेटाबेस ढवळावा लागत नाही. दुसरी सीडीएनवर, म्हणजे ठिकठिकाणी नकला ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावर, वापरत असाल तर. तिसरी बघणाऱ्याच्या मोबाईलमध्ये. पहिल्या दोन ठिकाणची नक्कल तुम्ही बटण दाबून पुसू शकता. तिसरीला तुमचा हात पोचत नाही. एकदा "हे ३० दिवस ठेव" सांगितलं की तो मोबाईल ३० दिवस तुमच्या सर्व्हरला विचारणारच नाही.

नेटवर्कमध्ये पहिल्या ओळीवर दाबा, हेडरमध्ये कॅशे-कंट्रोल शोधा. काय लिहिलंय?

आडतीवरचा

मॅक्स-एज=२५९२०००

तेरणाकाठ

सापडला चोर. ते सेकंद आहेत. ८६,४०० नं भागा, बरोबर ३० दिवस. प्लगइन बंद केले तरी चिकटवलेला कोड एचटीअॅक्सेसमध्ये तसाच आहे. त्यात टेक्स्ट-एचटीएमएलची, म्हणजे खुद्द पानासाठीची, ओळ असेल. फोटो आणि सीएसएससाठी असा नियम उत्तम, वर्षभराचा द्या. भाव लिहिलेल्या पानाला तो म्हणजे विष. मूळ फाईलची प्रत ठेवा आणि एचटीएमएलसाठी नो-कॅशे करा.

नाव फसवं आहे. नो-कॅशे म्हणजे साठवू नको असं नाही. साठव, पण वापरण्याआधी मला विचार, असा त्याचा अर्थ. बदल नसेल तर सर्व्हर ३०४ एवढंच उत्तर देतो, काही बाईटांचं, पान परत पाठवावं लागत नाही. साठवूच नको म्हणायला नो-स्टोअर आहे, त्याची तुम्हाला गरज नाही.

मग कॅशेचा एकच प्लगइन चालू करा. एका म्यानात दोन तलवारी ठेवल्या होत्या तुम्ही. सेटिंगमध्ये पोस्ट जतन झाली की पहिलं पान आणि भावाचं पान पुसलं जावं, एवढं बघा. भाव दिवसातून दोन-तीनदाच बदलतो ना? मग मधल्या वेळात हजार जणांनी पान मागितलं तरी तेच तयार पान द्यायचं.

मोंढ्यातला

पण ज्यांच्या मोबाईलात आधीच ३० दिवसांचं पान बसलंय त्यांचं काय? त्यांना तर ४,३१० च दिसणार.

तेरणाकाठ

दादा, नेमकं विचारलंत, हे मी विसरलो असतो. त्यांनी पान बोटानं खाली ओढून ताजं केलं तर नवं येईल, पण सगळे कुठं ओढतात. पत्ताच बदला. भावाचं पान नव्या नावानं करा आणि तीच लिंक व्हॉट्सअॅपच्या दोन्ही ग्रुपात टाका. नव्या पत्त्याची जुनी नक्कल कुणाच्याच मोबाईलात नाही.

आणि तक्त्याच्या डोक्यावर तारीख आणि वेळ ठळक लिहा, "आजचा भाव" असं नको. "आज" हा शब्द तीन दिवसांनीही आजच दिसतो.

सिंदफणा

अगदी. शिवाय सर्व्हर मुंबईत आणा. लातूरहून अमेरिकेला निरोप जाऊन यायला दोनशे मिलिसेकंदांच्या वर जातात, आणि पहिलं अक्षर येण्याआधी असे तीन-चार हेलपाटे होतात. ३०० रुपयांत मुंबईचं साधं होस्टिंग मिळून जाईल. पीएचपी ७.४ चा सुरक्षेचा आधार २०२२ च्या नोव्हेंबरातच संपला, त्यामुळं हलवताना ८ मालिकेतलं, सुरक्षेचा आधार अजून चालू असलेलं घ्या. आधी पूर्ण बॅकअप. तुमची थीम जुनी असेल तर नव्या पीएचपीवर पान पांढरं पडू शकतं, म्हणून हे काम रविवारी करा, सौदा चालू असताना नको.

आडतीवरचा

अकरा दिवसांनी येतोय, माफी. मध्ये आवक वाढली होती.

झालं ते सांगतो. स्लायडर, काउंटर, नकाशा, चॅट, पाचही फाँट काढले. पान आता ३९० केबी. होस्टिंग मुंबईला आणलं, थीममधली एक गोष्ट तुटली होती ती एका मित्रानं दुरुस्त करून दिली. पहिल्या ओळीतली वाट २.१ वरून ०.३ सेकंदांवर आली. एलसीपी २.२, सीएलएस ०.०१. नव्या पत्त्याची लिंक दोन्ही ग्रुपात टाकली अन् तक्त्यावर तारीख-वेळ आली.

रविवारी मुद्दाम मावशीच्या शेतात जाऊन आलो. त्याच जागी, एका दांडीवर, तक्ता तीन सेकंदांत. तिथूनच मित्राला सांगून चाचणीचा भाव बदलायला लावला, पान परत उघडलं, नवा आकडा हजर. मग खरा भाव परत टाकायला लावला, कारण माझा आता कुणावर विश्वास राहिला नाही.

एकच तक्रार आली, ती घरातूनच. वडील म्हणले, दुकानाचा फोटो कुठं गेला? तो खाली परत टाकलाय, ८२ केबीचा, रुंदी-उंची लिहून.