लाकडी रेस कार सपाटीवर आली की डावीकडे ओढते, काय करू?

नवखा_सुतार:
नमस्कार मंडळी, आमच्या हॉबी क्लबची लाकडी रेस कारची स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय आणि मी पहिल्यांदाच उतरतोय. नियम नेहमीचेच आहेत, पाइनचा 7 इंची ठोकळा, ॲक्सल म्हणून खिळे, प्लॅस्टिकची चार चाकं, सगळं मिळून वजन 5 औंसांच्या आत म्हणजे साधारण 142 ग्रॅम, आणि मोटर, स्प्रिंग असलं काही चालत नाही, गाडी फक्त उतारावरून आपल्या वजनाने पळायची. आकार छान जमलाय, दोन आठवडे रंधा आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो होतो, रंगाचे तीन हात दिलेत. पण परवा क्लबच्या ट्रॅकवर ट्रायल घेतली तर उतारावर बरोबरीने आली आणि सपाटीवर लागल्या लागल्या मागे पडली. डावीकडे ओढते, मग उजवं पुढचं चाक ट्रॅकच्या मधल्या पट्टीवर (गाडीखालून, दोन्ही बाजूंच्या चाकांमधून जाते ती उंच पट्टी) आपटतं, परत सरळ होते, परत आपटते. चाक हाताने फिरवलं तर सहा-सात सेकंदात थांबतं. वजन 128 ग्रॅम भरलंय आणि शिसं पुढे नाकात भरलंय कारण मला वाटलं पुढून जड असली की उतारावर जोरात खाली खेचली जाईल. आता आकार अजून बारीक करू का? हवा कमी लागेल अशाने?

कानसवाला:
आकाराला आता हात लावू नका. पुढून चपटी आणि निमुळती असेल तेवढं पुरे, हवेने जे जातं त्याच्या कितीतरी पट जास्त तुमचं खिळ्यांवर जातंय. सहा-सात सेकंद म्हणजे खिळे पाकिटातून काढले तसेच ठोकलेत ना?

एक खिळा बाहेर काढा आणि उजेडात डोक्याखालचा भाग बघा, भिंग असेल तर उत्तम. डोक्याला लागूनच दोन बारीक उभे कंगोरे दिसतील, खिळा बनवताना साच्याने जिथे पकडलेला असतो तिथले. नखाने खरवडलं तर नख अडकतं. आणि डोक्याच्या आतल्या कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कड असते. चाकाचं भोक नेमकं ह्याच्यावर घासतं. खिळा ड्रिलच्या चकमध्ये टोकाकडून धरा, हळू स्पीडवर फिरवा आणि बारीक कानशीने आधी ते कंगोरे आणि बर काढा, डोक्याची आतली बाजू किंचित उतरती करा म्हणजे चाक डोक्याला टेकलं तरी अगदी थोड्या जागी टेकेल. मग ओला पॉलिश पेपर, 400, 600, 1000, 2000 असं चढत जा, प्रत्येक नंबरला आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढे जायचं नाही, इथे घाई केली की सगळी मेहनत वाया जाते. शेवटी सुती कापडावर मेटल पॉलिश. झाल्यावर खिळ्यात ट्यूबलाइटची रेघ सरळ दिसली पाहिजे, रेघ लाटेसारखी हलत असेल तर खिळा वाकलाय, तो बाजूला ठेवा. आणि कानस जास्त चालवून खिळा बारीक करू नका, नाहीतर चाक डुगडुगतं.

चाकाच्या भोकातही कडेला प्लॅस्टिकचा तुरा असतो तो काढा. मग ग्रॅफाइटची पावडर, भोकात टाकायची, चाक खिळ्यावर चढवायचं, फिरवायचं, परत टाकायची, परत फिरवायची, दहा-बारा वेळा तरी. बोटं काळी होतील, गाडीचा रंग सांभाळा. तेल अजिबात नको, बऱ्याच क्लबात चालतही नाही आणि धूळ धरून बसतं ते वेगळंच.

मागचं_चाक:
वरचं सगळं बरोबर, आता वजनाचं बोलतो कारण तिथे मोठी चूक झालीय. वजन पुढे असलं की खाली खेचली जाते हा समज खूप जणांचा असतो, माझाही होता, पण उलट आहे. गाडी उतारावर उभी असते तेव्हा तिची शेपूट वर असते. वजन शेपटीकडे असेल तर ते जास्त उंचावरून खाली येतं, आणि उंची हेच तर आपलं इंधन. उतार 30 अंशांचा धरा, वजन 5 सेंटीमीटर मागे सरकवलं तर ते अडीच सेंटीमीटर वर गेलं, म्हणजे तेवढी जास्तीची उंची फुकट मिळाली. ह्याचा फायदा सपाटीवर दिसतो, तुमची गाडी जिथे मागे पडते तिथेच.

किती मागे? गाडी मोजपट्टीच्या कडेवर आडवी ठेवून तोला, जिथे तोलते ती जागा मागच्या ॲक्सलच्या साधारण एक इंच पुढे आली पाहिजे. त्याच्याही मागे गेलात तर पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी डोलायला लागते.

आणि 14 ग्रॅम कमी का ठेवलेत? पूर्ण 142 च्या जवळ न्या. जमलं तर टंगस्टन वापरा, त्याची घनता घन सेंटीमीटरला 19.3 ग्रॅम आहे आणि शिशाची 11.3, म्हणजे तेच वजन साधारण साठ टक्के जागेत बसतं आणि पाहिजे तिथे ठेवता येतं. शिसंच वापरणार असाल तर त्याला कानस मारू नका, पूड पोटात जायला नको, हात साबणाने धुवा. शेवटचे दोन-तीन ग्रॅम काढता-घालता येतील असे ठेवा, घरचा काटा आणि क्लबचा काटा कधीच जुळत नाहीत.

नवखा_सुतार:
बापरे, नाकातलं शिसं ड्रिलने काढावं लागणार, पण काढतो. दोघांचेही मनापासून आभार. पण डावीकडे ओढते त्याचं काय? खिळे सरळ ठोकलेत असं मला तरी वाटतंय.

गुण्या_लावून_बघा:
दादा, ओढते ह्याचं वाईट वाटून घेऊ नका, थोडी ओढ हवीच असते. एकदम सरळ जाणारी गाडी ट्रॅकवर कधी डावीकडे कधी उजवीकडे भरकटते आणि मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने आपटते, प्रत्येक आपटीला वेग जातो. त्यापेक्षा एकच पुढचं चाक पट्टीला हलकेच टेकवून तसंच शेवटपर्यंत न्यायचं. तुमची डावीकडे ओढते म्हणजे उजवं पुढचं चाक पट्टीला टेकणार, तेच ठेवा. फक्त ओढ मोजून द्यायची.

एक लांब सपाट फळी घ्या, एक टोक जेमतेम उचला, मधे सरळ रेघ मारा आणि गाडी रेघेवरून सोडा. चार फुटांत साधारण एक इंच डावीकडे गेली की पुरे. तुमची बहुतेक तीन-चार इंच जात असणार, म्हणून आपटून उडते. उजव्या पुढच्या खिळ्याला अगदी जरासा बाक द्या, डोक्यावर करवतीने बारीक खाच पाडा आणि स्क्रूड्रायव्हरने खिळा थोडा थोडा फिरवत परत परत सोडून बघा. बाक दिलेला खिळा चालतो का ते आधी क्लबला विचारा हं.

मागची दोन्ही मात्र एकदम सरळ पाहिजेत. गाडी पुढे ढकला आणि मागच्या चाकांकडे बघा, एखादं चाक सरकून गाडीच्या अंगाला चिकटत असेल तर तो खिळा तिरका बसलाय, गुण्या (काटकोन बघायचं सुताराचं हत्यार) लावून भोक परत पाडा. चाक आणि अंग ह्यांच्यात एटीएम कार्ड सरकेल एवढी फट ठेवा.

कानसवाला:
डावं पुढचं चाक तर उचलूनच टाका, दीड-दोन मिलिमीटर वर. तीन चाकांवर पळाली की एक चाक कमी फिरवावं लागतं.

मागचं_चाक:
हे नियम वाचल्याशिवाय करू नका, काही क्लबांत चारही चाकं टेकलेली लागतात आणि तपासणीला खालून कागद सरकवून बघतात. पहिल्याच वर्षी बाद होण्यापेक्षा चार चाकांवर नीट पळवलेली बरी. 1953 साली डॉन मर्फी यांनी कॅलिफोर्नियात ही स्पर्धा (पाइनवुड डर्बी) सुरू केली ती त्यांचा मुलगा सोप बॉक्स डर्बीला, म्हणजे मुलं स्वतः बसून पळवतात त्या मोठ्या गाड्यांच्या शर्यतीला, वयाने लहान पडत होता म्हणून, बाप-लेकाने मिळून काहीतरी करावं एवढाच हेतू होता. तपासणीच्या टेबलावर वाद घालायची वेळ येऊ नये असं मला फार वाटतं.

कानसवाला:
मान्य. आधी विचारा, मगच उचला.

नवखा_सुतार:
अपडेट देतो. क्लबने सांगितलं चारही चाकं टेकली पाहिजेत, बाक दिलेला खिळा चालेल. चारही खिळे पॉलिश करायला दोन रात्री गेल्या, कंगोरे खरंच होते, इतके दिवस समोर असून दिसले नव्हते. आता चाक 24 सेकंद फिरतं. मागचं डावं भोक तिरकं निघालं, तिथे लाकडाची काडी गोंदाने बसवली आणि सुकल्यावर नव्याने पाडलं. तोल एक इंचावर आणला, वजन 141 ग्रॅम. काल फळीवर चार फुटांत सव्वा इंच गेली, रविवारच्या ट्रायलला पट्टीवर एकदाही आपटली नाही, शेवटपर्यंत घासल्याचा एकच बारीक आवाज येत होता. आता खिळे गोंदाने पक्के करू का?

गुण्या_लावून_बघा:
करा, पण गोंद खालून टाचणीच्या टोकाने लावा, चाकाजवळ थेंबही जाता कामा नये. सुकलं की फळीवर परत एकदा सोडून बघा, गोंद ओढताना खिळा किंचित फिरतो कधीकधी. मग डब्यात चाकं वर करून ठेवा आणि स्पर्धेच्या दिवसापर्यंत कोणालाही जमिनीवरून चालवून बघू देऊ नका.