मदत हवी आहे: हिमनदी आटायच्या ऐवजी वाढलेली दिसतेय!

रंकाळ्याची_सई: सोमवारी सरांना नकाशा दाखवायचाय. २००० आणि २०२० च्या लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमा घेतल्या, दोन्हींचा एनडीएसआय (हिम ओळखायचा निर्देशांक) काढला, ०.४ च्या वरचं सगळं बर्फ धरलं. आधी १५ चौ. किमी आले, नंतरचे २१! सगळीकडं वाचतेय हिमनद्या आटतायत, आणि माझी वाढलीय. तीनदा केलं, आकडा तोच. लवकर सांगा, प्लीज.

नकाशेवाला: कुठली हिमनदी? महिना कुठला? बँड, म्हणजे प्रकाशाचे पट्टे, कुठले? लँडसॅट ७ ला हिरवा २ आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड ५. लँडसॅट ८ ला तेच ३ आणि ६. तिथं पण २-५ च घातलेस तर गणित फसलं.

रंकाळ्याची_सई: बँड बरोबर आहेत, ३ आणि ६ च घेतलेत. छोटा शिग्री, लाहौल-स्पिती. दोन्ही प्रतिमांत ढग नाहीत.

गोमुख_वारी: एनडीएसआयच्या नादी लागू नका. मी गंगोत्रीवर काम केलंय. खालचा कितीतरी भाग दगडगोट्यांनी झाकलाय आणि त्याखालचा बर्फ एनडीएसआयला दिसतच नाही. कड हातानंच काढावी लागते.

नकाशेवाला: दगडांमुळं क्षेत्र कमी येईल. तिचं जास्त आलंय. प्रश्न तरी वाचा.

गोमुख_वारी: आज नाही तर उद्या तिला ती अडचण येणारच, म्हणून सांगितलं.

पंचगंगाकाठ: ताई, कोल्हापुरात बसून हिमालय कशाला? आपल्या पुराचा नकाशा करा की. २०१९ च्या ऑगस्टात साध्या प्रतिमेत नुसते ढग होते. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारला ढग आडवे येत नाहीत. आमच्या शिवारात पाणी कुठवर आलं होतं ते मी त्यातनं काढलं. लई कामाचं आहे ते.

रंकाळ्याची_सई: दादा, विषय मंजूर झालाय, आता बदलता येत नाही.

उंचीमापक: नुसतं क्षेत्रफळ मोजून काय कळणार? हिमनदी आधी पातळ होते, कड नंतर सरकते. छोटा शिग्रीवर २००२ पासून खांब रोवून घट मोजतात ती त्यासाठीच. दोन काळांचे डीईएम (जमिनीच्या उंचीचे नकाशे) घ्या आणि वजा करा. एसआरटीएम नावाचा डीईएम फुकट मिळतो.

नकाशेवाला: एसआरटीएम फेब्रुवारी २००० चा आहे. कोरड्या हिमात त्याचं सी-बँड रडार काही मीटर आत शिरतं, ती दुरुस्ती कोण करणार? सोमवारपर्यंत? सई, महिना अजून सांगितला नाहीस.

रंकाळ्याची_सई: २००० ची सप्टेंबरची. २०२० ची नोव्हेंबरची, कारण सप्टेंबरच्या प्रतिमेत ढग होते.

नकाशेवाला: सापडलं. नोव्हेंबरात आजूबाजूच्या उतारांवर ताजं हिम पडलेलं असतं. ते आणि हिमनदीचा जुना बर्फ यांतला फरक ०.४ ला कळत नाही. तुझे ६ चौ. किमी ते आहेत. वितळण्याचा हंगाम संपताना, म्हणजे सप्टेंबर अखेरची प्रतिमा घे. २०२० ची नसेल तर २०१९ किंवा २०२१ ची घे, पण मग नकाशावर तेच वर्ष लिही. सेंटिनेल-२ बघ, दर पाच दिवसांनी येतो. त्यात बँड ३ आणि ११.

रंकाळ्याची_सई: मिळाली! २०२१, सप्टेंबर. आता आकडा १५ च्या खाली आलाय. पण खालच्या टोकाला हिमनदी मध्येच तुटल्यासारखी दिसतेय. तिथं दगड आहेत का?

गोमुख_वारी: हो, तेच. पाण्याचा प्रवाह जिथनं बाहेर पडतो ती जागा आधी शोध, आणि तिथनं वर कड हातानं काढत ये. २००० च्या प्रतिमेतही तसंच कर, नाहीतर तुलना लागणार नाही.