मदत हवी आहे: हिरोशिमा हे भरवस्तीचं शहर आहे, हे ट्रुमनना आधी कोणी सांगितलं होतं का?

मंडळी, एका लेखासाठी १९४५ च्या जुलै-ऑगस्टमधली कागदपत्रं चाळतोय आणि एका जागी गाडी अडलीय. २५ जुलैच्या डायरीत अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन लिहितात की अणुबॉम्बचं लक्ष्य निव्वळ लष्करी असेल. सैनिक आणि खलाशी; बायका-मुलं नव्हेत. त्याच तारखेच्या, हंगामी लष्करप्रमुख जनरल हँडींच्या आदेशात मात्र हिरोशिमा, कोकुरा, निगाता, नागासाकी अशी सरळ चार शहरंच आहेत. वर, पुढचे बॉम्ब तयार होतील तसे टाकत जा, हेही त्यातच.

बॉम्बसाठी शहरं सुचवणाऱ्या लक्ष्य समितीची मे महिन्यातली टिपणं आणि युद्धमंत्री स्टिमसनची डायरी बघून झाली. क्योटो स्टिमसननी हट्टानं यादीतून काढायला लावलं आणि १० ऑगस्टला ट्रुमननी पुढचे बॉम्ब थांबवले, हे दोन्ही ठाऊक आहे. बॉम्ब टाकणं योग्य की अयोग्य, हा वाद कृपया इथे नको. युद्धानंतरच्या आठवणीही नकोत, त्यात प्रत्येकजण शहाणा झालेला असतो. इंग्रजी कागद चालतील, जपानी येत नाही.

६ ऑगस्टच्या आधीचं असं एखादं टिपण, पत्र किंवा बैठकीची नोंद आहे का, ज्यात हिरोशिमातली नागरी वस्ती थेट ट्रुमनच्या कानावर घातली गेलीय?