ताण येतो तो स्वभावामुळे की परिस्थितीमुळे?

अशोकचौक: बाबा आणि काका, दोघांचे यंत्रमाग एकाच शेडमध्ये. एका व्यापाऱ्याने टॉवेलचे पैसे बुडवले, दोघांचेही सारखेच. काकांनी आठवड्यात दोन माग विकले आणि उरलेले चालू ठेवले. बाबा सहा महिने नीट झोपले नाहीत. नुकसान तेच, शेड तीच, मग फरक स्वभावाचाच ना? मानसशास्त्रात न्यूरॉटिसिझम म्हणतात तो हाच गुण: तीच घटना अशा माणसाला जास्त धोक्याची वाटते आणि मनातून लवकर जात नाही. मानसशास्त्रज्ञ सुझान कोबासा यांनी १९७९ मध्ये भरपूर ताण असलेल्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. जे फारसे आजारी पडले नाहीत, त्यांच्यात बांधिलकी होती, बदलाला आव्हान मानायची वृत्ती होती आणि 'माझ्या हातात काहीतरी आहे' हा विश्वास होता.

विडीघरकुल: दादा, ते अधिकारी पुरुष होते, पगारदार होते. माझी आई हजार विड्यांच्या मजुरीवर जगली. तपासणीत विड्या बाद झाल्या की तेवढी मजुरी गेली. 'माझ्या हातात काहीतरी आहे' हे तिने कुठून आणायचं? घरात सगळे तिला घाबरट म्हणायचे. पण चार-पाच दिवसांनी नळाला पाणी यायचं तेव्हा रात्री दोनला तीच जागी असायची, म्हणून आमचे पिंप भरायचे. या जागण्याला स्वभावदोष म्हटलेलं मला सहन होत नाही.

सातरस्ता: ताई, पटतं, पण अर्धंच. शेजारणींनाही तीच मजुरी, तेच पाणी. सगळ्या सारख्याच खचल्या का? लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलंय की माणूस एकीकडे 'यात मला धोका आहे का' हे जोखतो आणि दुसरीकडे 'मला काय करता येईल' हे. माझ्या मते पहिल्यात स्वभाव जास्त बोलतो, दुसऱ्यात गाठीचा पैसा आणि पाठीशी असलेली माणसं.

विडीघरकुल: आमची एक शेजारीण खरंच शांत होती. तिचा मुलगा पुण्याला नोकरीला होता, दर महिन्याला पैसे पाठवायचा.

अशोकचौक: ताई, एक गोष्ट मी वर लिहिलीच नाही. बाबांचे माग पतसंस्थेकडे तारण होते, काकांचे नव्हते. बाबांना ते विकताच येत नव्हते. तरी कर्जाच्या आधीही बाबा असेच होते, माझ्या दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्रीसुद्धा जागेच. त्यामुळे स्वभावाचा मुद्दा मी सोडत नाही. पण 'नुकसान तेच' म्हणालो, ते मागे घेतो.