महाकाय पडद्यावरचे निसर्ग-माहितीपट: मुलांना 40 मिनिटांसाठी एवढ्या लांब न्यावे का?

प्रश्न (गंगाखेडची शिक्षिका)

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यात गंगाखेड तालुक्यातील एका शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. यंदाच्या सहलीत एखाद्या मोठ्या विज्ञान केंद्रातील महाकाय पडद्यावरचा निसर्ग-माहितीपट मुलांना दाखवावा, असे माझ्या मनात आहे. परंतु पालकसभेत एका पालकांनी विचारले, "मॅडम, हत्ती आणि देवमासे पोरं मोबाइलवर रोजच पाहतात, मग 40 मिनिटांच्या चित्रपटासाठी रात्रभराचा प्रवास आणि वेगळं तिकीट कशासाठी?" ज्या घरांत सोयाबीनच्या पैशावर वर्षाचे गणित बसते, तिथून आलेला हा प्रश्न रास्तच होता, आणि मी स्वतः असा चित्रपट कधी पाहिलेला नसल्याने मला उत्तर देता आले नाही. खरोखर काही वेगळे घडते का? शिवाय निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत असेल, तर मुलांच्या हाती काय लागेल?

उत्तर 1 (छत्रपती संभाजीनगर, निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक)

ताई, वेगळे घडते, आणि ते का घडते हे मुलांना आधी सांगितले तर चित्रपटाइतकाच आनंद त्यातही आहे.

नेहमीच्या 35 मिमी फिल्मची पट्टी यंत्रातून उभी सरकते आणि एका चौकटीला काठावरची 4 छिद्रे लागतात. 1970 साली ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवलेल्या आयमॅक्स या महाकाय पडद्याच्या पद्धतीत 70 मिमीची फिल्म आडवी धावते आणि एका चौकटीला 15 छिद्रे लागतात, त्यामुळे एका चित्राचे क्षेत्रफळ नऊपटींहून अधिक होते. म्हणूनच पडदा चार मजले उंच असला तरी पाखराच्या पंखावरची रेघ न् रेघ दिसते. सेकंदाला 24 चौकटी म्हणजे जवळजवळ 1.7 मीटर फिल्म. 40 मिनिटांसाठी चार किलोमीटरहून अधिक. (हा गुणाकार वर्गात अवश्य करून घ्यावा.) आता पुष्कळ ठिकाणी डिजिटल प्रक्षेपक आले आहेत, पण फिल्मच्या या लांबीमुळे पडलेली लहान चित्रपटांची रीत टिकून आहे.

खरा फरक मात्र डोळ्यांच्या कडांना जाणवतो. मोबाइल पाहताना नजरेचा थोडासाच भाग त्यात गुंततो, उरलेल्या भागाला घराची भिंत, बाज, दारातली शेळी दिसतच असते, आणि आपण घरात आहोत हे मन विसरत नाही. पडदा नजरेच्या दोन्ही टोकांपलीकडे गेला की मनाला ती खूण मिळत नाही. मी कोलकात्याच्या सायन्स सिटीमध्ये, जी 1997 साली सुरू झाली, 23 मीटर व्यासाच्या कललेल्या घुमटाखाली बसलो होतो; तिथे घुमटाची आतली बाजू हाच पडदा असतो. कॅमेरा कड्यावरून पुढे सरकला, तेव्हा माझ्या शेजारच्या मुलाने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले आणि दरी मागे पडेपर्यंत खाली ठेवले नाहीत. त्या वेळी निवेदक काय सांगत होता, ते मला आठवतसुद्धा नाही.

पालकांना पटवायचे असेल तर मैदानावर फक्कीने 23 मीटर व्यासाचे वर्तुळ आखा. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान 13 मीटर लांब असते, म्हणजे फरक ताबडतोब डोळ्यांत भरेल. त्याच्याजवळ 30 मीटरची सरळ रेघ ओढा. मोठ्यात मोठा निळा देवमासा साधारण तेवढा भरतो. हातात मावणाऱ्या मोबाइलवर त्याचे काय होते, ते मग वेगळे सांगावे लागणार नाही.

उत्तर 2 (लातूर, एक आई)

सरांचे म्हणणे अगदी खरे आहे, पण एक काळजी घ्यावी. माझ्या मुलीला घुमटाखाली दहाव्या मिनिटाला मळमळू लागले, कारण डोळे सांगतात की आपण उडतो आहोत आणि तोल सांभाळणारा अंतर्कर्ण (कानाचा आतला भाग) सांगतो की आपण जागेवरच आहोत. असे झाल्यास डोळे मिटून दोन मिनिटे बसले की बहुधा बरे वाटते, आणि हे मुलांना आधी सांगितले तर ती घाबरत नाहीत. पुढच्या रांगा टाळून वरच्या बाजूला मधोमध बसावे. रात्रभरच्या प्रवासानंतर थेट पहिल्या खेळाला नेऊ नये. मुलांना हलके खाऊ घालून, थोडी विश्रांती देऊन मगच न्यावे.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. एका केंद्रात आम्ही चाळीस मुले घेऊन पोहोचलो आणि यंत्र आठवडाभरापासून बंद असल्याचे तिकीट खिडकीवर समजले. बुकिंग आधीच झालेले होते, पण आम्हाला कोणीही कळवले नव्हते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून खेळ होणार असल्याची आणि निवेदनाच्या भाषेची खात्री करून घ्यावी.

उत्तर 3 (पैठण, पक्षीनिरीक्षक)

मॅडम, भाषेची भीती बाळगू नये. चित्रपटाचे नाव कळले की त्यातला प्राणी, त्याचा प्रदेश आणि त्याच्यापुढचे संकट एवढे मराठीत आधी सांगून टाकावे, म्हणजे मुले शब्दांमागे न धावता पाहू लागतात. या चित्रपटांत एकेक दृश्य मुद्दाम बराच वेळ ठेवलेले असते, कारण एवढ्या पडद्यावर कुठे पाहायचे ते डोळ्यांनाच शोधावे लागते. प्रत्येक मुलाला एक काम द्यावे: एकाने फक्त पाय पाहायचे, दुसऱ्याने फक्त आकाश.

आणि परतल्यावर हिवाळ्यातच मुलांना नाथसागरावर, म्हणजे इथल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर आणावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. जायकवाडीचा डावा कालवा तुमच्या जिल्ह्यात येतो, तेव्हा हे पाणी मुलांना परके नाही. इथे रोहित पक्षी येतात, हिमालय ओलांडून कांड्या करकोचे येतात. मोठ्या पडद्यावर पर्वत पाहून आलेल्या मुलाला, समोर चिखलात उभा असलेला राखाडी पक्षी तसला पर्वत ओलांडून आला आहे असे सांगितले, तर तो त्याच्याकडे निराळ्याच नजरेने पाहील.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर पालकांना मैदानावर बोलावले आहे. ज्यांनी प्रश्न विचारला होता, तेच गृहस्थ 30 मीटर मोजण्यासाठी आपल्या विहिरीचा दोर घेऊन येणार आहेत.