मदत हवी आहे : खाण कंपनीचे डिव्हिडंड यील्ड कसे वाचावे?

एका खाण कंपनीचा शेअर अभ्यासताना तिचे डिव्हिडंड यील्ड १२ टक्के दिसले आणि मी थबकलो. गेल्या वर्षभरातील लाभांश भागिले आजचा भाव, एवढे गणित मला कळते. परंतु लाभांश तोच राहून भाव निम्म्यावर आला, तरी ६ टक्क्यांचे यील्ड १२ टक्के होते, म्हणजे हा आकडा उदारतेचा आहे की बाजाराच्या भीतीचा, हे त्यावरून ठरत नाही. त्यातच धातूंचे भाव चढे असताना दिलेला विशेष लाभांशही त्यात मिसळलेला असतो. बीएचपी या बड्या ऑस्ट्रेलियन खाण कंपनीने २०१६ साली लाभांश घटू न देण्याचे जुने धोरण सोडून नफ्याच्या किमान ५० टक्के वाटपाचे धोरण स्वीकारले. अशा धोरणात नफा घसरला की लाभांशही घसरणार, हे उघड आहे.

जाणकारांना विचारायचे आहे की, अशा वेळी पाच-सात वर्षांच्या सरासरी लाभांशावर यील्ड काढावे, की खाणींवरील भांडवली खर्च वजा जाता उरणाऱ्या रोख रकमेशी लाभांश ताडून पाहावा? शिवाय खनिजसाठा दरवर्षी घटतच असतो (शेवटी खाण म्हणजे काही दुभती गाय नव्हे), तेव्हा लाभांशाचा काही भाग आपलेच भांडवल परत मिळाल्यासारखा मानावा का?